पाणी चाखणारी आक्का

"आधी जिभेवर, मग मुळावर."

रोपवाटिकेत नवं माणूस कामाला आलं की आक्का त्याला पहिल्या दिवशी एवढंच शिकवायची. बाकी सगळं बघून शिकायचं. टाकीत खत कालवलं की करंगळी बुडवायची, जिभेच्या टोकाला लावायची, थुंकून टाकायचं आणि मगच त्या पाण्यावर रोपांचे ट्रे सोडायचे. जे आपल्या जिभेला झेपत नाही ते केसाएवढ्या मुळाला कसं झेपेल, असं तिचं साधं म्हणणं.

मी त्या रोपवाटिकेचा टेम्पो चालवतो. तयार रोपं ज्याच्या त्याच्या शेतावर नेऊन पोचवणं हे माझं काम. त्यामुळे पुढचं कुणाच्या सांगण्यावरून सांगत नाही. जे सांगतो ते उभं राहून पाहिलेलं आहे.

आमच्याकडे बी पहिल्यांदा मातीत पडत नाही. स्पंजच्या लहानशा तुकड्यात बी ठेवतात, तो तुकडा थर्माकोलच्या भोकात बसवतात आणि ते थर्माकोल पाण्यावर तरंगत ठेवतात. लांबच लांब शेड, तिच्यात सहा टाक्या, प्रत्येक टाकीच्या तळाशी नळी, आणि नळीतून दिवसभर बुडबुडे. मुळं खाली लोंबत वाढतात, पांढरीशुभ्र, म्हातारीच्या केसांसारखी. महिनाभरात रोप वीतभर होतं आणि मग त्याला माती दाखवायची वेळ येते. खरी परीक्षा तिथे. पाण्यातल्या मुळाला सगळं तोंडाशी मिळालेलं असतं. त्याला शोधायची सवय नसते. एकदम कोरड्या मातीत टाकलं तर ते पाण्याच्या शेजारी बसून तहानेनं मरतं. आक्का अशा रोपांना 'घरजावई' म्हणायची. "घरजावयाला एकदम नांगराला जुंपू नये," म्हणायची, "आधी अंगण झाडायला लावावं."

मालकांनी खताचं पाणी मोजायचं मीटर आणलं होतं. पेनासारखं दिसायचं, पाण्यात बुडवलं की आकडा यायचा. मालक माणूस चांगले, फक्त यंत्रावर फार जीव. पहिले सहा महिने आक्का आधी जिभेनं आकडा सांगायची आणि मग मालक मीटर बुडवायचे. एकदाही फरक निघाला नाही. शेवटी मालकांनी मीटर कपाटात ठेवलं आणि म्हणाले, "आक्का, तुमच्या जिभेला सेल लागत नाहीत, हा एक फायदा आहे."

"आणि कपाटात ठेवता येत नाही, हा दुसरा," आक्का म्हणाली.

त्या दिवसांत ती हसायची.

तिचा नवरा पंप दुरुस्त करायचा. सगळे त्यांना पंपवालेच म्हणत. शेडमधल्या बुडबुड्यांचा पंप त्यांनीच बसवलेला. जुन्या यंत्राचे सांधे जोडून असा बसवला, की चालू आहे हे कानाला कळायचंसुद्धा नाही, फक्त पाण्यावरचे बुडबुडे दिसायचे. थंडीच्या दिवसांत एका विहिरीवर पंप उघडून बसलेले असताना ते बसल्या जागी कलंडले. हातात पाना तसाच. निरोप फोनवर आला तेव्हा आक्का चौथ्या टाकीत खत कालवत होती. मालकांनी तिला बाजूला घेऊन सांगितलं. तिनं ऐकून घेतलं. मग पाचवी टाकी कालवली, सहावी कालवली, दोन्ही चाखल्या, हात धुतले आणि मला म्हणाली, "चल, टेम्पो काढ."

ती रडली नाही. त्या दिवशी नाही, नंतरही नाही. चौथ्या दिवशी कामावर आली. लोक बोलायचे ते बोलले. कुणी म्हणालं, बाई दगडाची आहे. कुणी म्हणालं, येईल रडू, साचलं की फुटतंच. मी वाट पाहिली. फुटलं नाही. ती वेळेवर यायची, ट्रे उचलायची, मुळं तपासायची, पंपावरची धूळ रोज सकाळी कोरड्या फडक्यानं पुसायची. बोलली तर कामाचं बोलायची. घड्याळाचा काटा जसा फिरतो तशी ती फिरायची. काट्याला कुठे जायचं नसतं.

दुपारी आम्ही दोघं शेडच्या मागे डबा खायचो. माझी बायको माहेरी गेली की आक्का माझ्यासाठीही आणायची. एक दिवस भाजीत मिठाचा कण नव्हता.

"आक्का, मीठ विसरलीस."

"असं?" ती म्हणाली, आणि खात राहिली.

पुढच्या आठवड्यात भाजी इतकी खारट, की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. मी तिच्याकडे पाहिलं. ती शांतपणे घास चावत होती. लिंबाची फोड होती, ती तिनं तोंडात धरून चोखली आणि चेहऱ्यावरची रेषसुद्धा हलली नाही. तेव्हा मला कळलं. मी काही बोललो नाही. मालकांना तर नाहीच नाही. माणसाकडे एकच गोष्ट अशी असते जिच्यावर तो मान ताठ ठेवून चालतो, आणि आपण ती बोटानं दाखवून कशी पाडायची? असं मी त्या वेळी स्वतःला समजावलं. खरं म्हणजे मला ते शब्द जमले नसते.

आता अंजिराचं सांगायला हवं, कारण सगळं त्याच्यापाशी येऊन अडकलं.

आक्काचं घर रस्त्याच्या कडेला होतं आणि रस्ता रुंद व्हायचा होता. नोटीस आधीच आलेली. पंपवाले गेल्यावर दोन महिन्यांनी घर पडायचं ठरलं. घरामागे अंजिराचं झाड होतं, जुनं, बुंधा दोन हातांत न मावणारा. पंपवाल्यांनी आणि त्यांच्या थोरल्या बहिणीनं लहानपणी एक काडी आणून खोचली होती. घर रिकामं करायच्या दिवशी मी टेम्पो घेऊन गेलो होतो. ती बहीण, म्हणजे आक्काची नणंदही आली होती. ती शहराच्या त्या टोकाला राहायची, बैठं घर, मागे थोडी जागा.

ती झाडाखाली उभी राहून डोळे पुसत होती. आक्का पातेली मोजून पोत्यात भरत होती.

"अगं," नणंद म्हणाली, "माणूस गेलं तेव्हा रडली नाहीस. निदान झाड जाताना तरी रड."

आक्कानं पोत्याचं तोंड बांधलं. "वन्सं, तुम्ही रडताय ना. दोघींचं होऊन जाईल."

मला वाटतं तिला टोमणा मारायचा नव्हता. तिला जे दिसलं ते ती बोलली. पण नणंदेला ते चाबकासारखं लागलं. ती तडक निघाली. फाटकाशी थांबून तोंड न वळवता म्हणाली, "माझ्या भावाचं झाड आहे. एक काडी मलाही हवी."

"सात काढल्यात," आक्का म्हणाली. "जगल्या की देईन."

त्यानंतर दोघींचं बोलणं बंद झालं.

झाडावर तेव्हा पानं नव्हती, थंडी सरत आलेली. काड्या काढायला हीच वेळ चांगली. आक्कानं वीतभर लांबीच्या सात काड्या तिरक्या कापल्या होत्या आणि शेडमध्ये बाटल्यांत उभ्या केल्या होत्या. उजेड लागला की पाणी हिरवं पडतं म्हणून बाटल्यांना वर्तमानपत्र गुंडाळलेलं. एक दिवसाआड पाणी बदलायची. तिसऱ्या आठवड्यात काडीच्या सालीवर पांढरे ठिपके उठले, चौथ्यात त्यांची मुळं झाली, वरती बोटाएवढी पानं आली. इकडे घर पडलं, झाडही गेलं. मी त्या रस्त्यानं टेम्पो घेऊन जायचो तेव्हा तिथे खडीचा ढीग असायचा. आक्का दुसऱ्या मजल्यावर एका खोलीत राहायला गेली. आता त्या झाडाचं जगात जे काही उरलं होतं ते सात बाटल्यांत होतं.

मुळं फुटल्यावर नुसतं पाणी पुरत नाही, थोडं खत लागतं. आक्का बाटल्यांसाठी तिसऱ्या टाकीतलं पाणी घ्यायची.

इतके दिवस सवयीच्या मापावर चालून गेलं. एक दिवस तिनं नेहमीचं एक माप टाकून तिसरी टाकी कालवली. करंगळी बुडवली, जिभेला लावली. मी ट्रे चढवत होतो, मला दिसत होतं. ती थोडी थांबली. परत करंगळी बुडवली. मग डब्यातून आणखी एक माप टाकलं, ढवळलं, चाखलं. परत थांबली. आणखी एक माप. त्या वेळी मी तोंड उघडायला हवं होतं. मी दोरी आवळली, गाठ मारली आणि टेम्पो घेऊन गेलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी आलो तेव्हा मालक तिसऱ्या टाकीपाशी उभे होते. टाकीत ढोबळ्या मिरचीची रोपं होती. पानांच्या कडा जळल्यासारख्या आत वळलेल्या. मालकांनी एक ट्रे उचलला. खालची मुळं चहात बुडवलेल्या दोऱ्यासारखी तपकिरी. त्यांनी कपाटातून मीटर आणलं, पुसलं, बुडवलं. आकडा जेवढा हवा त्याच्या तिप्पट.

मालक आक्काकडे पाहीनात. मीटरकडेच पाहत म्हणाले, "सेल जुने झाले असतील याचे."

"सेल ठीक आहेत," आक्का म्हणाली. "जीभ गेलीय. थंडीतच गेली. तुम्हाला सांगायला हवं होतं."

 मालकांनी मीटर खिशात घातलं, बाहेर काढलं. "डॉक्टरला दाखवलंत का?"

"काय दाखवू? जीभ जागेवर आहे."

मग ती कामाला लागली. टाकी रिकामी केली, साधं पाणी भरलं, एकेक ट्रेची मुळं धुतली. दुपारपर्यंत अर्धी मिरची वाचण्यासारखी दिसायला लागली. बाटल्यांकडे ती सगळ्यात शेवटी गेली. मी तिच्या मागोमाग गेलो. तिनं एकेक वर्तमानपत्र उलगडलं. पहिली काडी, मुळं काळी. दुसरी तशीच. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी. प्रत्येक काडी ती बोटानं चाचपायची, नखानं साल खरवडायची, आत हिरवं दिसलं नाही की बाजूला ठेवायची. कपडे वाळत घालावेत अशा सवयीनं. सातव्या काडीची मुळंही जळालेली होती, पण एका बाजूला, अगदी वरच्या गाठीपाशी, एक मूळ पांढरं होतं. तांदळाच्या दाण्याएवढं.

"आक्का, मी पाहिलं होतं काल," मी म्हणालो. "तू तीनदा टाकलंस. मी बोललो नाही."

ती माझ्याकडे वळली. मला वाटलं आता ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

"बोलला असतास तर मी ऐकलं असतं का?" ती म्हणाली. "नसतं ऐकलं. जा, त्या बादलीत पाणी आण."

त्याच संध्याकाळी काम सुटताना ती मालकांकडे गेली. "ते मीटर कसं धरायचं, दाखवा."

मालकांनी दाखवलं. तिनं दोनदा चुकून तिसऱ्यांदा बरोबर आकडा वाचला. त्या दिवसापासून करंगळी बंद. नवा माणूस आला तर ती त्याला मीटर द्यायची आणि आपलं जुनं वाक्य म्हणायची नाही. आमच्यातल्याच एका पोरीनं सवयीनं म्हटलं, "आधी जिभेवर," तर आक्कानं नुसता ट्रे पुढे सरकवला.

सातवी काडी तिनं टेबलाच्या कोपऱ्यात ठेवली. साधं पाणी, सावली. दहा-बारा दिवसांत त्या एका मुळाला फाटे फुटले, आणखी दोन मुळं आली. आता प्रश्न मातीचा होता. एकच काडी, तीही आजारातून उठलेली, त्यात घरजावई. तिला मातीत न्यायची एक पद्धत आक्का वापरायची, जी मी दुसरीकडे कुठे पाहिली नाही. ती काडी मातीत न्यायची नाही, माती काडीकडे आणायची. रोज सकाळी चाळलेल्या मातीचा एक चमचा बाटलीत सोडायचा. पहिल्या दिवशी पाणी गढूळ होतं, तिसऱ्या दिवशी तळाशी साय धरते, आठव्या-नवव्या दिवशी बाटलीत निम्मा चिखल असतो. मुळाला कळतसुद्धा नाही आपण कधी चिखलात आलो. पंधराव्या दिवशी तिनं बाटलीचा तळ ब्लेडनं कापला आणि सगळा गोळा तसाच्या तसा कुंडीत बसवला. वरून पारदर्शक पिशवी.

काडीनं मान टाकली. दोन्ही पानं ओल्या कागदासारखी खाली. एक दिवस, दोन दिवस, चार दिवस. मालक येता-जाता पिशवीकडे बघायचे. मी तर बाजूनं जायचंच टाळायचो. आक्का रोज एक तास पिशवी काढायची आणि परत घालायची. तिच्या तोंडाकडे पाहून काही समजत नव्हतं.

पाचव्या दिवशी मी विचारलं, "नाही जगली तर?"

"तर नाही."

"नणंदेला काय सांगशील?"

"तेच सांगेन, नाही जगली."

सातव्या दिवशी सकाळी एक पान आडवं झालं होतं. म्हणजे लोंबत नव्हतं. दुपारपर्यंत दुसरंही सावरलं. मालक लहान मुलासारखे शेडभर सांगत सुटले. आक्कानं कुंडीतल्या मातीत बोट खुपसलं, ओल पाहिली आणि पिशवी कायमची काढून घडी घालून ठेवली. तेवढंच.

आणखी तीन आठवड्यांनी कोंब वर आला, नवी चार पानं झाली. एका सुट्टीच्या दिवशी तिनं मला बोलावलं. कुंडी मांडीवर घेऊन टेम्पोत पुढे बसली. मला वाटलं तिच्या खोलीवर न्यायची असेल, खिडकीत ठेवायला. मी गाडी तिकडे वळवली.

"तिकडे नाही. वन्संकडे."

"एकच आहे, आक्का."

"एकच म्हणाल्या होत्या त्या."

नणंद मागे कपडे वाळत घालत होती. आम्हाला पाहून तिच्या हातातला टॉवेल तसाच राहिला. आक्कानं कुंडी पायरीवर ठेवली.

"किती जगल्या?" नणंदेनं विचारलं.

"ही."

"सातातली?"

"माझ्या हातून सहा जळल्या. खत जास्त झालं."

नणंदेनं कुंडी तिच्याकडे सरकवली. "मग ही तू ठेव. खिडकीत कुंडीत राहील ना."

"राहील. पण कुंडीतच राहील. इथे जमीन आहे."

नणंद आत जाऊन कुदळ घेऊन आली. भिंतीपासून चार हातांवर दोघींनी मिळून खड्डा काढला. एकीनं माती उकरायची, दुसरीनं हातानं दगड बाजूला टाकायचे. मी मदतीला गेलो तर नणंद म्हणाली, "तू बस, टेम्पोवाल्या, हे आमच्या घरातलं आहे." मी बसलो.

"आठवडाभर चिखल राहू द्या," आक्का सांगत होती. "मग हात आखडता घ्या. थोडी तहान लागू द्या, म्हणजे मूळ खाली जाईल. मान टाकली तर घाबरू नका. एकदा टाकून झालीय तिची."

काडी खड्ड्यात बसवली, माती दाबली, आणि तिथेच बसल्या बसल्या नणंद रडायला लागली. हात मातीचे, म्हणून दंडाला डोळे पुसत होती. आक्का शेजारी उकिडवी बसून होती.

"तुला काहीच होत नाही का गं?" नणंदेनं विचारलं. या वेळी टोमणा नव्हता.

आक्कानं विचार केला. खरंच विचार केला, मला दिसला. "नाही, वन्सं. झालं असतं तर तुम्हालाच सांगितलं असतं."

नणंदेनं चहा केला. आम्ही पायरीवर बसून प्यायलो. मी एक घोट घेतला आणि थांबलो. नणंदेनं आक्काला विचारलं, "साखर बरी झालीय का?"

"मला नाही कळत आता."

 नणंदेनं हात पुढे करून आक्काच्या हातातला कप घेतला, त्यातला घोट स्वतः घेऊन पाहिला. "घातलीच नाही गं मी," म्हणाली. आत जाऊन डबा आणला, चमचाभर साखर घालून ढवळली, परत एक घोट घेऊन पाहिला आणि कप तिच्या हातात दिला. आक्का तो शेवटपर्यंत प्यायली.

निघताना मी टेम्पोचं दार उघडलं. आक्का म्हणाली, "तू जा. मी चालत जाते."

"दोन तासांची वाट आहे, आक्का."

"माहीत आहे."

तिनं हात धुतले नव्हते. मातीचे हात तसेच सोडून ती फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याच्या कडेनं चालायला लागली, रोजच्याच चालीनं, ना हळू ना भरभर. मी स्टिअरिंगवर हात ठेवून बसलो होतो, किल्ली फिरवली नाही. नणंद नव्या आळ्याजवळ कुदळ धरून उभी होती. वळणापाशी आक्का एकदा थांबली, पायातली चप्पल काढून आतला खडा झटकला, परत घातली आणि पुढे गेली. मागे पाहिलं नाही. ती दिसेनाशी झाल्यावरही नणंद तशीच उभी होती, वळणाकडे तोंड करून, आणि मी तिच्याकडे.